दुकान भाड्याचे, पण कागद कोणाचा?

वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. ७६ हजार २२० कोटी रुपयांचा हा प्रकल्प. मच्छीमार बांधवांचा त्याला असलेला विरोध, डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली नाकारलेले बंदर आणि त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये दिलेली परवानगी, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या वादात मी येथे शिरत नाही. मला सांगायचे आहे ते बंदराच्या बातमीनंतर भाड्याच्या गाळ्यात बसणाऱ्या लहान दुकानदाराचे काय होते, हे.

गेल्या रमजानच्या आधी शिंपीकाम करणारा एक तरुण माझ्याकडे आला. डहाणू तालुक्यातल्या एका बाजारगावात त्याचा १० बाय १२ चा गाळा आहे. नऊ वर्षे तो तेथे दोन मशीनवर काम करतो. भाडे चार हजार, दरमहा रोख, पावती नाही. मालकाने त्याच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या होत्या. भाडे अकरा हजार करायचे आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’चा अकरा महिन्यांचा कागद करायचा. "चाचा, सही करू का? नाही केली तर म्हणतात, ईदनंतर कुलूप लावू." असे म्हणून त्याने तो कागद माझ्या गादीवर ठेवला.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "नऊ वर्षांत भाडे दिल्याचा तुझ्याजवळ काय पुरावा आहे?" त्याने मोबाईल काढला. शेवटची दोन वर्षे काही महिन्यांचे पैसे त्याने मोबाईलवरून मालकाच्या मुलाच्या खात्यात टाकले होते. बाकी सात वर्षे शब्दावर. हा मुलगा कापड कापताना एक इंच चुकत नाही. त्याने नऊ वर्षे आपल्या दुकानाचा एक कागद जपला नाही, याचे मला नवल वाटले नाही. कारण त्याच्या वयाचा असताना मीही तसाच होतो.

आमचे घर चिंचणीला, पण कापडाचे जुने दुकान मुंबईत, नळबाजाराच्या अंगाला. मरहूम अब्बांनी ते पागडी देऊन घेतले. त्या काळी १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याप्रमाणे पागडी घेणे गुन्हा होता, म्हणून त्या रकमेची पावती मिळण्याचा प्रश्नच नव्हता. सारा व्यवहार उपरण्याखाली. २००३ साली अब्बांचा इंतकाल झाला. चाळिसाव्याच्या आत मालकाचा माणूस आला आणि म्हणाला, भाडेकरू तुमचे वडील होते, ते गेले, आता गाळा मोकळा करा. पुढच्या महिन्याचे भाडे घेऊन गेलो तर त्यांनी घेतले नाही. त्याच्या पुढच्या महिन्यालाही नाही. मी मनाशी म्हटले, घेत नाही तर न घेवो, पैसे माझ्याच गल्ल्यात आहेत. असे सात महिने मी स्वस्थ बसलो. ही माझ्या आयुष्यातली मोठी चूक.

आठव्या महिन्यात वकिलाची नोटीस आली. सात महिन्यांचे भाडे थकवले, सबब ताबा द्या! ज्याने भाडे नाकारले तोच थकबाकीची तक्रार करतो, हे पाहून माझे डोके फिरले. धोबी तलावाला लघुवाद न्यायालयात एक वयोवृद्ध वकील होते. त्यांनी माझे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मनीऑर्डर केलीस का?" नव्हती केली. ते म्हणाले, "कोर्ट तुझ्या गल्ल्यात डोकावत नाही. तू भाडे द्यायला तयार होतास हे कागदावर दिसले पाहिजे." त्याच दिवशी सातही महिन्यांची मनीऑर्डर केली. ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत आली. ती परत आलेली पावती आजही माझ्या तिजोरीत आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम १५ प्रमाणे, भाडेकरू भाडे देतो आहे किंवा देण्यास तयार आणि राजी आहे, तोवर थकबाकीच्या नावाखाली त्याला काढता येत नाही. लेखी नोटीस पोचल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय दावा करता येत नाही. दावा झालाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सर्व बाकी १५ टक्के साध्या व्याजासह आणि खर्चासह कोर्टात भरली आणि निकालापर्यंत दरमहा भरत राहिले, तर त्या कारणाने ताब्याचा हुकूम होत नाही. आम्ही भरली. पण ९० दिवस गेल्यावर कोणी भरायला गेला, तर त्याला मग फार धावपळ करावी लागते, हे मी त्या कोर्टाच्या बाकावर बसून इतरांच्या बाबतीत पाहिले आहे.

दुसरा मुद्दा वारसाचा. येथे आपल्या बिरादरीत मोठा गैरसमज आहे. दुकानातला माल, उधारी, रोकड यांची वाटणी शरियतप्रमाणे होते. आमच्या घरीही झाली, बहिणीला तिचा हिस्सा दिला. पण भाड्याचा हक्क कोणाकडे जातो ते भाडे कायदा ठरवतो. कलम ७ मधल्या भाडेकरूच्या व्याख्येप्रमाणे, व्यापाराच्या जागेत भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर त्या जागेचा वापर करणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू ठरतो. तसा कोणी नसेल तर वारसांपैकी कोण, ते आपसात ठरवायचे, नाहीतर कोर्ट ठरवते. माझा मोठा भाऊ तेव्हा आखातात नोकरीला होता, मी गादीवर. पण मी गादीवर होतो हे सिद्ध कशाने करायचे? माझ्या अक्षरातली बिलबुके, सुरतच्या व्यापाऱ्यांची माझ्या नावाने आलेली चलने आणि गुमास्ता परवान्यात अब्बांनी मरणाच्या तीन वर्षे आधी घातलेले माझे नाव यांनी ते सिद्ध झाले. ते नाव त्यांनी का घातले, मी त्यांना कधी विचारले नाही. आठ वर्षे तारखा चालल्या, शेवटी मालकाने थोडे वाढीव भाडे घेऊन तडजोड केली आणि पावती माझ्या नावाने फाडली.

आता मालकाची बाजूही ऐकली पाहिजे, कारण आपल्यातले अनेकजण स्वतः मालकही आहेत. जुन्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याला खुंटी मारली होती. बाजारात भाव शंभरपट झाले तरी चाळीस-पन्नास रुपये महिन्यावर मुंबईत गाळे चालत राहिले. इमारतीची गळती कोण बुजवणार? मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितले की, ही गोठवलेली भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी व मनमानी झाली आहे. १९९९ चा कायदा त्यातून आला. त्यात दरसाल ४ टक्के वाढ मालकाला मिळाली आणि पागडी घेणे-देणेही कलम ५६ ने कायदेशीर झाले. मोठ्या कंपन्यांना, म्हणजे ज्यांचे भरणा झालेले भागभांडवल एक कोटी किंवा अधिक आहे त्यांना, आणि बँकांना या कायद्याच्या छत्राबाहेर ठेवले. लहान दुकानदार छत्राखाली राहिला. यात मला अन्याय दिसत नाही.

मालकाला जागा स्वतःसाठी हवी असेल तर? रघुनाथ पनहाळे विरुद्ध छगनलाल सुंदरजी हा महाराष्ट्रातलाच १९९९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दुकानदारांनी लक्षात ठेवावा. नोकरी करणाऱ्या मालकाला आपल्या जागेत किराणा दुकान काढायचे होते. त्याने अजून राजीनामा दिलेला नाही, भांडवलाचा पुरावा नाही, म्हणून खालच्या कोर्टांनी त्याची गरज खरी मानली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मानली. नुसती इच्छा पुरत नाही, पण मालकाने उपाशी मरायची वेळ येईपर्यंत थांबावे असेही नाही, असा त्याचा आशय. मात्र अशा दाव्यात कोणाची अडचण जास्त, हे कोर्टाला तोलावे लागते. शिवाय मालकाने ताबा घेऊन महिन्याभरात स्वतः वापर सुरू केला नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर जुन्या भाडेकरूला परत ताबा मागता येतो. भाडेकरूंच्या दोन चुका मात्र मालकाच्या पथ्यावर पडतात. एक, दुकानाला कुलूप घालून कारणाशिवाय सहा महिने परदेशी जाणे. दुसरी, नावापुरती भागीदारी दाखवून गाळा दुसऱ्याला देणे. दोन्ही आपल्याकडे सर्रास चालतात.

माझ्या कहाणीने त्या शिंपी मुलाला धीर आला, पण मी त्याला लगेच थांबवले. हा कायदा त्याला जोडलेल्या अनुसूचींत ज्या गावांची नावे आहेत तेथेच चालतो. मुंबईचे हक्क डहाणू-तलासरीच्या प्रत्येक खेड्यात सोबत येत नाहीत. आपले गाव अनुसूचीत आहे का, हे वकिलाकडून आधी पाहून घ्यावे. नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्यात महिनेवारी भाडेकरूला अवघ्या १५ दिवसांच्या नोटिशीने काढता येते. तरीही मालकाने स्वतः कुलूप लावायचे नसते, कोर्टात जायचे असते.

आणि आमच्या या तालुक्यांत आणखी एक गोष्ट, जी शहरी वकील विसरतात. जमीन आदिवासीची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे ती बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. रस्त्याकडेला टपऱ्या आणि पत्र्याचे गाळे अशा जमिनीवर उभे दिसतात, ‘मालक’ म्हणून भाडे घेणारा तिसराच असतो. तेथे लाखाचे डिपॉझिट देणारा दुकानदार उद्या कोणाकडे दाद मागणार? हा कायदा व्यापाऱ्यांना जाचक वाटतो. पण आपल्यासारख्या बाहेरच्या व्यापाऱ्यांनीच एकेकाळी मिठामिरचीच्या उधारीत जमिनी घशात घातल्या म्हणून तो करावा लागला, हेही खरे बोलले पाहिजे. गाळा घेण्याआधी सात-बारा पाहावा. त्यावर भाडे मागणाऱ्याचेच नाव आहे का, एवढे तरी पाहावे.

आता अकरा महिन्यांच्या कागदाविषयी. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, ती टाळायला अकरा महिने, अशी ही जुनी रीत. पण महाराष्ट्रात जेथे भाडे कायदा लागू आहे तेथे कलम ५५ प्रमाणे अकरा महिन्यांचाही करार, भाड्याचा असो की लायसन्सचा, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती त्याने केली नाही तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. लायसन्सच्या मुद्रांकाचा दर एकूण भाड्याच्या पाव टक्का. एवढ्यासाठी कच्चा कागद का ठेवावा?

‘लायसन्स’ या शब्दात मेख आहे. लायसन्सवाला हा भाडेकरू नव्हे, तो मुदतीपुरता परवानगीने बसलेला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे चालू लायसन्सवर बसले होते त्यांना सरकारने कायदा करून भाडेकरू मानले, पण तो दरवाजा त्या तारखेला उघडला आणि तेथेच बंद झाला. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलात केशकर्तनाचे दुकान चालवणाऱ्या कपूर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली म्हटले होते की, कागदावर लायसन्स लिहिले म्हणून ते लायसन्स होत नाही, व्यवहार प्रत्यक्षात कसा आहे ते पाहावे. हे तत्त्व आजही सांगितले जाते. पण त्याच्या भरवशावर नऊ वर्षांचा भाडेकरू नव्या कागदावर ‘मी आजपासून लायसन्सने बसलो’ अशी सही करील, तर तो आपल्याच हाताने आपले थान फाडतो.

भाड्यावरच्या जीएसटीचेही एक कलम या कागदात होते. १० ऑक्टोबर २०२४ पासून मालक नोंदणीकृत नसेल आणि दुकानदार असेल, तर दुकानाच्या भाड्यावरचा १८ टक्के कर दुकानदाराने स्वतः भरायचा आहे. कंपोझिशन योजनेतल्यांना जानेवारी २०२५ मध्ये यातून सूट मिळाली. या शिंप्याची नोंदणीच नाही, तरी ‘सर्व कर भाडेकरूकडे’ असे लिहिलेले होते. ते मी लाल शाईने खोडले.

मग आम्ही बसून एक पत्र लिहिले. जागा नऊ वर्षांपासून भाड्याने आहे, भाडे चार हजार आहे, या महिन्याचे भाडे चेकने सोबत पाठवत आहे, पावती द्यावी, वाढीबाबत बोलायला मी तयार आहे. एवढेच, राग नाही, धमकी नाही. स्पीड पोस्टाने पाठवले, पोच जपून ठेवायला सांगितली. वीजबिल, पंचायतीच्या पावत्या, मशीनचे जुने बिल, मोबाईलवरच्या नोंदींच्या छापील प्रती असे सारे एका पिशवीत भरले. नोंदणी रजिस्टरमधली जुन्या गिऱ्हाइकांची मापेसुद्धा ठेव म्हटले, तारखा तरी दिसतील.

ईद झाली, कुलूप लागले नाही. चेक वटला. मालक स्वतः दुकानात येऊन तासभर बसला, चहा घेतला आणि सात हजारांवर आला. तीन वर्षांचा नोंदणीकृत भाडेकरार, दरसाल ठरलेली वाढ, जागा सोडायला लावायची तर सहा महिन्यांची नोटीस, या तीन गोष्टींवर बोलणे चालू आहे. ‘लायसन्स’ हा शब्द काढायला तो अजून तयार नाही, आणि मुलगाही सही करायला तयार नाही. पुढच्या जुम्याला दोघांनाही मी दुकानावर बोलावले आहे.