चिकोत्राकाठचे सेनापती

आमच्या आज्जाच्या पायात कायम कापशीचं पायताण असायचं. ते कर्रकर्र वाजलं की आज्जा शेतातून आला, हे आत चुलीपर्यंत कळायचं. कापशी हा चपलेचाच एक प्रकार, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ते एक गाव आहे, निपाणीच्या पलीकडे कागल तालुक्यात आहे आणि त्याचं पूर्ण नाव 'सेनापती कापशी' आहे, हे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. तिथली चिकोत्रा नदी वेदगंगेला मिळते, वेदगंगा भोजजवळ दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा आमच्या सदलग्यावरून पुढे कृष्णेला जाते. म्हणजे सेनापतींच्या गावचं पाणी पिऊनच आम्ही मोठे झालो म्हणायचं!

हे सेनापती म्हणजे संताजी घोरपडे. शाळेत आपण त्यांना 'संताजी-धनाजी' या जोडीत भेटतो. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात ते दोघे दिसायचे, ही गोष्ट ऐकून धडा संपतो. ही जोडी पुढे कशी फुटली, ते मात्र धड्यात नसतं.

१६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले, तेव्हा झालेल्या झटापटीत संताजींचे वडील म्हाळोजी घोरपडे पडले. राजाराम महाराज दूर तमिळ मुलखात जिंजीला गेले. राजा तिकडे, मुलूख इकडे आणि मधे औरंगजेबाची फौज. अशा वेळी संताजींना सेनापतिपद मिळालं. राजारामांनी त्यांना 'मामलकतमदार' हा किताबही दिला. सातारा ते कांचीपुरम एवढ्या पट्ट्यात हा माणूस सतत घोड्यावर होता. १६९२ मध्ये कांचीजवळ अलीमर्दानखानासारखा मोठा सरदार त्यांनी धरला आणि खंडणी घेऊनच सोडला.

पण माझ्या आवडीची लढाई दोड्डेरीची. नोकरीमुळे मी बेंगळुरूला असतो. तिथून गावी यायला निपाणीपर्यंत एकच हायवे आणि वाटेत चित्रदुर्ग लागतं. दोड्डेरी त्याच जिल्ह्यात, चळ्ळकेरे तालुक्यात. १६९५ च्या नोव्हेंबरात शिऱ्याचा फौजदार कासिमखान आणि बादशहाने धाडलेला खानाजादखान संताजींवर चालून आले. पाहुण्यांची बडदास्त ठेवायची म्हणून कासिमखानाने आपले भारी तंबू पुढच्या मुक्कामावर आधीच पाठवले. संताजींनी फौजेचे तीन भाग केले. एकाने तंबू लुटले, दुसऱ्याने मदतीला धावलेल्यांना अडवलं, तिसरा राखीव ठेवला. मोगल कसेबसे दोड्डेरीच्या लहानशा गढीत शिरले. आत ना दाणा ना वैरण. कासिमखान तिथेच मेला. अफू मिळाली नाही म्हणून गेला असं काही जण लिहितात, तर काही म्हणतात त्याने विष घेतलं. उरलेल्यांनी २० लाखांची खंडणी कबूल करून जीव वाचवला. पुढच्याच जानेवारीत बसवापट्टणला हिंमतखान बंदुकीच्या गोळीने पडला. या मोहिमेत चित्रदुर्गच्या नायकाचं कन्नड मुलखातलं बंदूकधारी पायदळ संताजींच्या बाजूने लढलं. सीमाभागात वाढलेल्या मला हे वाचून फार बरं वाटलं.

इथवर सगळं चढतं आहे. पुढचं वाचताना जीव थोडा थोडा होतो.

संताजींची शिस्त कडक होती, अगदी नको इतकी कडक. लहानशा चुकीसाठीही ते माणसाला हत्तीच्या पायी देत, असं मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो. त्याच धाकामुळे त्यांची फौज एका इशाऱ्यावर तीन बाजूंनी फिरत असे, आणि त्याच धाकाने त्यांचेच सरदार मनातून दुरावत गेले. आमच्या धंद्यातही असा एखादा असतो. रात्री दोन वाजता सर्व्हर बसला की सगळ्यांना तोच हवा असतो आणि सकाळच्या मीटिंगमध्ये कुणालाच नको असतो. धनाजी जाधव स्वभावाने नेमके उलटे, माणसं सांभाळणारे. राजारामांशी संताजींचं एकदा १६९३ मध्ये बिनसलं होतं, मग जुळलं. १६९६ मध्ये मात्र कायमचं तुटलं आणि सेनापतिपद धनाजींकडे गेलं. दोन्ही मराठी फौजा समोरासमोर आल्या. संताजी जिंकले. पण धनाजींच्या बाजूचे अमृतराव निंबाळकर हाती लागले, तेव्हा त्यांना संताजींनी मारलं.

माझ्या मते तीच एक चूक त्यांना भोवली. शत्रूच्या सरदारांना खंडणी घेऊन सोडणाऱ्या माणसाने घरच्याला सोडलं नाही. अमृतरावांची बहीण म्हसवडच्या नागोजी मान्यांच्या घरात दिलेली होती. वर्षभरात संताजींचे लोक एकेक करून धनाजींकडे गेले. १६९७ च्या जूनमध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात मोजक्या माणसांसह फिरणाऱ्या संताजींना नागोजीने गाठलं. ते ओढ्यावर अंघोळ करत होते म्हणतात. त्यांचं शीर बादशहाकडे पोचलं आणि नागोजीला मोगलांची चाकरी परत मिळाली. दोड्डेरीला उणंपुरं दीड वर्ष झालं होतं.

नृसिंहवाडीला आम्ही लहानपणापासून जातो. दर्शन, मग पेढे, मग परतीची एस.टी., असा ठरलेला क्रम. नदीपलीकडे कुरुंदवाडला संगमाजवळ संताजींची समाधी दाखवतात, हे मला तिशी उलटल्यावर समजलं. गेल्या दिवाळीत आईला आणि मुलीला घेऊन पहिल्यांदा तिकडे गेलो. मुलीने विचारलं, "बाबा, यांना कुणी मारलं?" मी "औरंगजेबाच्या माणसानं" म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. आई म्हणाली, "सांग की खरं काय ते."

घाटावर बसून मग सगळं सांगितलं. पायताणापासून सुरुवात केली.