विश्लेषण : प्रतिस्पर्ध्यांनाच सरावाला बोलावणारा विजेता! व्हिक्टर ॲक्सेलसेनचे ‘दुबई गणित’ काय होते?

पॅरिस ऑलिम्पिक, ४ ऑगस्ट २०२४. पुरुष एकेरीच्या उपांत्य लढतीत लक्ष्य सेन पहिल्या गेममध्ये २०-१७ असा पुढे होता. दुसऱ्या गेमची सुरुवात तर त्याने ७-० अशी केली. तरीही डेन्मार्कच्या व्हिक्टर ॲक्सेलसेनने सामना २२-२०, २१-१४ असा खिशात घातला. भारतीय चाहत्यांना हा पराभव अजून सलतो. पण लक्ष्यचा खेळ ॲक्सेलसेनला नवा नव्हता. तीन वर्षांपूर्वी त्यानेच लक्ष्यला दुबईत सरावासाठी बोलावले होते.

कोण आहे ॲक्सेलसेन?

ओडेन्स शहरात १९९४ मध्ये जन्म, उंची १.९४ मीटर आणि सोबतीला दमा. २०१० मध्ये जागतिक कनिष्ठ विजेतेपद जिंकणारा तो पहिला युरोपीय मुलगा ठरला. रिओ ऑलिम्पिकच्या कांस्यपदकाच्या लढतीत आणि २०१७ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने चीनच्या लिन डानला हरवले. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तर एकही गेम न गमावता सुवर्ण! चिनी भाषाही तो शिकला, इतकी की चिनी पत्रकारांना त्यांच्याच भाषेत मुलाखती देतो.

दुबईच का?

डेन्मार्कचे अव्वल खेळाडू ब्रॉन्डबी येथील राष्ट्रीय केंद्रात एकत्र सराव करतात. प्रशिक्षक, सरावातले जोडीदार, सगळे हाताशी. ॲक्सेलसेनने टोकियोनंतर ही तयार घडी सोडली आणि कुटुंबासह दुबई गाठली. बहुतेक मोठ्या स्पर्धा आशियात होतात, त्यामुळे प्रवास वाचतो आणि दम्याला तिथली हवा मानवते, हा त्याचा हिशोब. प्रश्न एकच होता, रोज खेळायचे कोणाबरोबर?

उत्तर त्याने भलतेच शोधले. २०२१ मध्येच लक्ष्य, सिंगापूरचा लो कीन यू अशा तरुण प्रतिस्पर्ध्यांना त्याने दुबईला बोलावले.

मग फटका बसला का?

बसला, आणि लगेच बसला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्पेनमधील जागतिक स्पर्धेत लोने त्याला पहिल्याच फेरीत घरी पाठवले आणि पुढे विजेतेपदही पटकावले. लक्ष्यला कांस्य मिळाले. मार्च २०२२ मध्ये जर्मन ओपनच्या उपांत्य फेरीत लक्ष्यनेही त्याला हरवले, तेही तिसऱ्या गेममध्ये २२-२० असे.

मात्र आठच दिवसांत ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत हे दोघे पुन्हा समोरासमोर आले. निकाल ॲक्सेलसेनच्या बाजूने २१-१०, २१-१५. त्या वर्षी तो पुन्हा जगज्जेता झाला आणि सलग ३९ सामने जिंकला. ही मालिका मायदेशातल्या डेन्मार्क ओपनमध्ये तुटली. तोडणारा पुन्हा लोच! पण डिसेंबर २०२१ पासून जून २०२४ पर्यंत अव्वल क्रमांक ॲक्सेलसेनकडेच होता. कारण साधे आहे. पाहुणा दुबईहून एकाच खेळाडूचा अभ्यास करून परततो, यजमानाच्या वहीत मात्र सगळ्यांच्या नोंदी राहतात.

पॅरिसमध्ये काय घडले?

२०-१७ वरून त्याने सलग पाच गुण घेतले. चार वर्षांनी लक्ष्य सुवर्णाच्या दावेदारांत असेल, असे तो सामन्यानंतर म्हणाला. दुसऱ्या दिवशी थायलंडच्या कुनलावुत वितिदसर्नला २१-११, २१-११ असे नमवत त्याने ऑलिम्पिक सुवर्ण राखले. पुरुष एकेरीत हे आधी फक्त लिन डानला जमले होते. लक्ष्यचे कांस्यपदक त्याच दिवशी मलेशियाच्या ली झी जियाने हिरावले.