‘घरीच असते’ म्हणजे काम नाही?



प्रगणक दारात येतो, घरातल्या माणसांची नावे लिहून घेतो आणि विचारतो, “या बाई काय करतात?” आपण बसल्याबसल्या सांगतो, “काही नाही, घरीच असते.” या उत्तराने सरकारी हिशेबात काय घडते ते पाहू.

श्रमशक्तीत दोघे धरतात : काम करणारा, आणि हाती काम नसले तरी ते शोधणारा किंवा करायला तयार असणारा. म्हणजे बेकारही श्रमशक्तीतच मोडतो. शंभरांत असे किती, हा सहभागाचा दर. मजुरी मिळालीच पाहिजे असे नाही. घरच्या शेतात बिनपैशाने राबणारीही काम करणारीच. मात्र स्वयंपाक, धुणीभांडी, मुले सांभाळणे, चुलीसाठी फाटी गोळा करणे हे या मोजणीत ‘काम’ नव्हे.

घाटाखालचा रत्नागिरी जिल्हा घ्या. चाकरमानी मुंबईला, शेती बाईच्या अंगावर. २०११ च्या जनगणनेत तिथे हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. समजा, तिथली एक बाई भाताच्या चार महिन्यांत शेतात राबते, एरवी घर सांभाळते. तिला कुठे धरायचे?

१९७१ च्या जनगणनेत आधी मुख्य उद्योग विचारला. ‘घरकाम’ म्हटले की बाई कामकऱ्यांतून बाहेर! देशात १९६१ साली शंभरांत सुमारे २८ स्त्रिया कामकरी होत्या, त्या १५ च्या आत आल्या. बायकांनी काम सोडले नव्हते. मोठा फरक प्रश्नाने पाडला. म्हणून १९८१ पासून सहा महिने वा जास्त काम करणारे ते मुख्य कामगार आणि कमी करणारे ते सीमांतिक, असे दोन भाग केले. आपली ही बाई सीमांतिक.

२०१७ साली सुरू झालेल्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाची मापे आणखी वेगळी. वर्षाच्या हिशेबात तीस दिवसांचे जोडकामही चालते, म्हणून बाई धरली जाते. आठवड्याच्या हिशेबात मागच्या सात दिवसांत निदान तासभर काम हवे. वैशाखातल्या रिकाम्या आठवड्यात विचारले आणि ती कामाच्या शोधातही नसली, तर तीच बाई गळते.

तेव्हा आकडा वाचताना माप कोणते ते आधी बघा. आणि आपल्या दारी कोणी विचारायला आले, तर उसाची लागण, खुरपणी, दुभत्या जनावरांचे शेणपाणी हे सारे दिवस मोजून सांगा. त्याहून बरे म्हणजे, उत्तर तिलाच देऊ द्या.