रायमुनियाची दोनशे वर्षं

चामोर्शीहून मार्कंड्याकडे निघालं की धुऱ्यांवर, पडीत जागेत, जंगलाच्या कडेला गुलाबी-पिवळ्या फुलांचे झुबके दिसतात. महाराष्ट्रात कुठे घाणेरी, कुठे टणटणी म्हणतात; आपल्या विदर्भात रायमुनिया. वैनगंगेकाठच्या देवळांइतकंच हे झुडूपही इथलं जुनं असावं, असं वाटतं. देवळं हजारेक वर्षांची आहेत. रायमुनियाला भारतात येऊन जेमतेम दोनशे वर्षं झाली.

मूळ उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतलं. सतराव्या शतकात डचांनी ते युरोपच्या बागांत नेलं आणि १८०९ च्या सुमारास ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आलं. माळ्याला आणखी काय हवं? थोडी ओल असली तर बारमाही हिरवं, फांदी खोचली की लागतं, खत मागत नाही, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे कुंपणाला त्याची मागणी वाढत गेली. पण हे गुण बागेपुरते थांबणार थोडेच! काळी पिकलेली फळं बुलबुल आणि मैनांनी खाल्ली, बिया रानभर टाकल्या. छाटलं तर बुंध्यातून नवे धुमारे फुटतात. वणव्यात वरचं जळतं, खालचं जगतं. एखाद्या उपाशी जनावरानं पाला खाल्लाच, तर त्याला कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते.

त्याला आवरण्याच्या प्रयत्नांतला एक किस्सा आपल्या सागवानी मुलखानं लक्षात ठेवावा असा आहे. १९४१ मध्ये रायमुनियाची पानं शोषणारा एक किडा ऑस्ट्रेलियातून मागवला गेला. चाचण्यांत दिसलं की तो सागाच्या फुलोऱ्यावरही जगू शकतो. तेव्हाच्या वर्गीकरणात साग आणि रायमुनिया एकाच कुळातले मानले जात, म्हणजे भीती अगदीच पोकळ नव्हती. किडे नष्ट करायचं ठरलं. तरी काही निसटले, आणि १९५१ मध्ये डेहराडूनला ते रायमुनियावर सुखानं नांदताना सापडले. सागाचं त्यांनी फारसं काही बिघडवलं नाही. रायमुनियाचंही नाही!

२०२० मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी देशातल्या वाघांच्या अधिवासाचा हिशेब मांडला. त्यातल्या ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात, सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटरवर, रायमुनिया पसरल्याचं त्यांना आढळलं. यात दोष एकट्या झुडपाचा नाही. दाट सावलीत ते खुरटतं. तोड, रस्ते, अतिचराई यांनी ऊन जमिनीपर्यंत पोचलं, तिथे ते माजलं. त्याखाली गवत उरत नाही, आणि गवत नाही तर चितळ-सांबरांनी खावं काय? चंद्रपूर-गडचिरोलीत याला आणखी एक बाजू आहे. मोहफुलं वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बाईला अशा जाळीपलीकडे वाघ बसलाय की नाही, हे दोन हातांवरूनही दिसत नाही.

ते काढायची रीत आता ठाऊक आहे. नुसतं छाटणं म्हणजे मजुरी वाया. दिल्लीचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुळवलेल्या पद्धतीत मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटं खोल तोडतात, झुडूप उपटतात आणि मुळं वर करून वाळू देतात. फळं धरण्याआधी हे झालं पाहिजे. मोकळ्या जागी लगेच गवत लावावं लागतं आणि पुढची दोन-तीन वर्षं उगवलेली रोपं उपटत राहावं लागतं. हे शेवटचं काम कंटाळवाणं असतं, आणि बहुतेक मोहिमा तिथेच बसतात. बाहेरच्या ठेकेदारापेक्षा रोज रानात जाणारी ग्रामसभा ते नेटानं करील, असं मला वाटतं. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला आपलं जंगल सांभाळण्याचा अधिकार देणारे सामूहिक वनहक्क २००९ मध्येच मिळाले; त्यानंतर असा हक्क मिळालेली गावं जिल्ह्यात पुष्कळ झाली.

रोपवाटिकांत मात्र रायमुनियाच्या रंगीत जाती अजून विकायला असतात. कुंपणच हवं असेल तर अडुळसा लावा. तोही सदाहरित, गुरं त्यालाही टाळतात, शिवाय खोकल्याला घरचं औषध. पावसाच्या तोंडावर पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची वीतभर काडी घ्या. खालचे दोन डोळे मातीत राहतील अशी हातभर अंतरावर खोचत चला. पाणी तुंबू देऊ नका आणि पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पाणी द्या. रायमुनियाची कुंडी दारात असेल, तर फळं काळी व्हायच्या आत झुडूप उपटून टाका.