अवतार आणि खेळाडू

उन्हाळी सुट्टी संपवून मुले वसतिगृहात परततात, तेव्हा विहिरीतले पोहणे, आंबे आणि लग्ने यांच्या जोडीला त्यांच्या बोलण्यात आता आणखी एक विषय असतो. शाळेत मोबाइलला मज्जाव असल्याने ऑनलाइन खेळ सुट्टीपुरतेच. परंतु त्यांतील आपल्या पात्राचे वर्णन मात्र पुढे महिनोन्‌महिने चालते. गेल्या वर्षी आठवीतील एका विद्यार्थ्याने वहीच्या मागील पानावर आपले पात्र रेखाटले होते. त्याचा पोशाख फारच साधा दिसला, म्हणून मी कारण विचारले. तो म्हणाला, ‘‘सर, नवे कपडे मिळाले होते. पण यावरूनच पोरं मला ओळखतात.’’

या उत्तराने मला विचारास प्रवृत्त केले. खेळाडू आपले पात्र कसे निवडतो आणि त्याच्याशी त्याचे नाते कसे जुळते?

अशा पात्राला जगभर ‘अवतार’ म्हणतात. मूळ शब्द संस्कृत, अर्थ ‘खाली उतरणे’. आपल्या घरांत मात्र केस विस्कटून आलेल्या मुलाला ‘हा काय अवतार केलास?’ असे विचारले जाते, आणि खेळातील अर्थ या घरगुती अर्थाच्या बराच जवळ आहे. १९८५ साली रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा ४’ या संगणकीय खेळाच्या नावातच हा शब्द आला. तेथे आरंभी खेळाडूला चेहरा वा पोशाख निवडायचा नसे. त्याला नैतिक पेच घातले जात. सत्य सांभाळावे की करुणा, अशा उत्तरांवरून त्याचे पात्र ठरे. पात्राच्या कृत्यांची जबाबदारी खेळाडूने स्वतःची मानावी, असा गॅरियट यांचा हेतू होता. पुढच्या खेळांत हे प्रश्न मागे पडले आणि नाक, केस, कवच यांची निवड पुढे आली, याची मला थोडी खंत वाटते.

मग माणूस स्वतःसारखेच पात्र घडवतो का? ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या २००४ मध्ये सुरू झालेल्या खेळातील खेळाडूंचा अमेरिकेत अभ्यास झाला. खेळाडूंनी स्वतःचे, आपल्या पात्राचे आणि आपण जसे असावे असे वाटते त्या आदर्श रूपाचे गुण नोंदवले. पात्र प्रत्यक्ष ‘मी’पेक्षा आदर्श ‘मी’च्या अधिक जवळ आढळले, आणि जे स्वतःविषयी फारसे समाधानी नव्हते, त्यांच्यात हे अंतर अधिक होते. अर्थात, प्रत्येक निवड इतकी खोल नसते. काही पुरुष खेळाडू निव्वळ पाहायला बरे वाटते म्हणून स्त्री-पात्र घेतात. पैशाचाही प्रश्न आहेच. ‘फोर्टनाइट’मध्ये फुकट मिळणाऱ्या मूळ रूपात खेळणाऱ्याला मुले ‘डिफॉल्ट’ म्हणून हिणवू लागली. फाटक्या चपलेवरून होणारी चेष्टा आमच्या पिढीलाही अनोळखी नाही.

निवडलेले रूप खेळाडूवरही परिणाम करते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काहींना देखणे, तर काहींना उंच अवतार दिले. देखणा अवतार मिळालेले अनोळखी व्यक्तीच्या अधिक जवळ जाऊन उभे राहिले. पैशांच्या वाटणीत उंच अवतारवाल्यांनी स्वतःकडे अधिक ओढले, तर ठेंगण्यांनी अन्याय्य वाटणीही अधिक सहजतेने मान्य केली. विशेष म्हणजे समोरच्या व्यक्तीला हे बदललेले रूप दिसतच नव्हते. वागणूक बदलली ती केवळ स्वतःला तसे पाहिल्याने. रूपे पालटणाऱ्या ग्रीक सागरदेवतेवरून या परिणामाला प्रोटियसचे नाव मिळाले.

परंतु या नात्याची खोली मला प्रयोगांपेक्षा मॅट्स स्टीन या नॉर्वेजियन तरुणाच्या हकिकतीतून अधिक उमगली. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक विकारामुळे तो लहानपणीच चाकाच्या खुर्चीत बसला. पुढे हातांचीही शक्ती सरत गेली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये मात्र तो इबेलिन नावाचा धिप्पाड योद्धा होता. तो चाले, धावे, मैत्री करी आणि क्वचित मित्रांना दुखवीही. आपल्या आजाराविषयी त्याने त्यांना दीर्घकाळ काही कळू दिले नाही. आपल्या स्वमग्न मुलाशी जवळीक साधू न शकणाऱ्या एका आईला त्याने खेळातूनच वाट सुचवली.

२०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मॅट्स गेला. मुलाचे आयुष्य एकटेपणात सरले, या दुःखात आईवडील होते. त्याने मागे ठेवलेल्या पासवर्डच्या आधारे वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची वार्ता लिहिली, आणि अनेक देशांतून पत्रे येऊ लागली. अंत्यविधीला ‘स्टारलाइट’ या त्याच्या खेळगटातील काही जण परदेशांतून आले. आईवडिलांनी त्यांना पूर्वी कधीही पाहिले नव्हते. खेळातील संवादांच्या हजारो पानांच्या नोंदी जपल्या गेल्या होत्या. त्यांवरून घडवलेली दृश्ये २०२४ साली प्रदर्शित झालेल्या बेंजामिन री यांच्या माहितीपटात आहेत.

ही हकिकत मी त्या विद्यार्थ्याला सांगितली. आता तो नववीत आहे. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, ‘‘सर, तो गेल्यावर इबेलिनचे कपडे कुणी बदलले नाहीत ना?’’