दगड झालेली अंडी आणि पायवाटेचा विवेक : इंदूरहून बागकडे

इंदूरला गेलेला पर्यटक राजवाडा पाहतो, रात्री सराफ्यात फराळ करतो आणि फार तर मांडू व महेश्वरला जाऊन परततो. इंदूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, धार जिल्ह्यातील बागच्या परिसरात, कोट्यवधी वर्षांचा इतिहास उघड्यावर पडला आहे. २०११ मध्ये येथील सुमारे ९० हेक्टर क्षेत्र डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. रानवाटांवर पायी हिंडण्याची आवड असणाऱ्यांनी ते पाहावेच. परंतु कसे पाहावे, हे आधी समजून घ्यावे.

समुद्र, नदी आणि लाव्हा

नर्मदेच्या या खोऱ्यात सुमारे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी समुद्र शिरला होता. त्याची साक्ष येथील चुनखडकात सापडणारे शंख-शिंपले आणि शार्कचे दात देतात. समुद्र हटल्यानंतर नद्या-तळ्यांच्या काठी महाकाय शाकाहारी डायनासोर अंडी घालण्यास येऊ लागले. पुढे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले. त्यांपासूनच दख्खनचे पठार आणि माळव्याची काळी माती घडली.

येथील अंड्यांकडे २००७ मध्ये ‘मंगल पंचायतन परिषद’ या हौशी अभ्यासकांच्या गटाने लक्ष वेधले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात धार जिल्ह्यातील ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची नोंद झाली. घरटी एकमेकांना इतकी लगटून आहेत की हा प्राण्यांच्या सामूहिक विणीचा प्रदेश असावा, असा निष्कर्ष निघतो.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उजेडात आली. पाडल्या गावातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोल दगडांना ‘काकर भैरव’ म्हणून पूजत होते, ती डायनासोरची अंडी निघाली. काकर म्हणजे शेताची शीव. शीव राखणारा देव म्हणून ज्यांना नारळ वाहिला गेला, ते दगड त्या श्रद्धेमुळेच आजवर टिकले.

रंग कोठून येतात?

उद्यानात दगड झालेली वृक्षखोडेही आहेत. गाळाखाली लवकर पुरलेल्या लाकडाला प्राणवायू मिळत नाही, म्हणून ते सहजी कुजत नाही. भूजलातील सिलिका त्याच्या पेशींत साचत जाते आणि अखेरीस लाकडाच्या आकाराचा दगड उरतो. त्यात लोह मिसळले की तांबडा-पिवळा, मँगनीज मिसळले की जांभळट-काळा रंग येतो. गोव्याच्या चिऱ्याला लाली येते तीही लोहामुळेच.

याच प्रक्रियेचा भव्य आविष्कार अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’ उद्यानात, रंगीत वाळवंटाच्या कुशीत दिसतो. तेथे सज्ज छावणीस्थळ नाही. परवाना घेऊन दूरच्या रानात पाठीवरच्या तंबूनिशी राहता येते. मात्र लाकडाचा कपचाही उचलणे गुन्हा आहे. नेलेले दगड अनेक जण पश्चात्तापाने, पत्रासह परत पाठवतात. पण दगड नेमका कोठून उचलला हे कळत नसल्याने तो मूळ जागी ठेवता येत नाही. जागा हरवली की जीवाश्माचा अर्थही हरवतो.

जाण्यापूर्वी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि माळावर सावली विरळ असते. मुक्काम बाग, कुक्षी किंवा मांडू येथे करावा. रानात तंबू ठोकायचा असेल तर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी आणि खडकावर शेकोटी पेटवू नये. पुरेसे पाणी सोबत ठेवावे, वाटाड्या स्थानिकच घ्यावा. वालुकाश्मात कोरलेल्या बागच्या बौद्ध लेण्या आणि बाघिनी नदीकाठची ठसेछपाई हीही याच फेरीत पाहता येतात.

गोमंतकीयांना हा विषय परका वाटू नये. कुशावतीच्या काठावर, उसगाळीमळच्या जांभ्यावर कोरलेली चित्रेही अशीच उघड्यावर आहेत आणि निष्काळजी पावलांनी तीही झिजतात. कुंपण आणि पहारेकरी सर्वत्र पुरे पडत नाहीत. पाडल्याच्या शेतकऱ्याने त्या दगडांचे वय न जाणताही त्यांना जागचे हलवले नाही. वय ठाऊक असलेल्या पर्यटकाने निदान तेवढे करावे.