तारुण्यपिटिका : समज आणि शास्त्र

"रक्त बिघडले आहे, शुद्धीचे औषध द्या," ही मागणी चिकित्सालयांत व औषधालयांत आम्ही नित्य ऐकतो. सुश्रुताचार्यांनी मात्र मुखदूषिकेत रक्तासोबत कफ व वात यांनाही कारण मानले असून वमन व लोध्र-वचादी लेप सांगितले आहेत. आधुनिक शास्त्रही संप्रेरकांमुळे वाढणारा तैलस्राव व रोमकूपांचा अवरोध यांकडे बोट दाखवते. केवळ वारंवार साबण लावल्याने पिटिका जात नाहीत.

अधिक चिंता स्टेरॉईडयुक्त मलमांची आहे. आरंभी चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होऊन पिटिका बळावतात. २०१८ साली अशी अनेक मलमे अनुसूची 'एच'मध्ये आली. चिठ्ठीविना ती न देणे हा आपणा सर्व व्यवसायबंधूंचा धर्म होय, असे आम्हांस वाटते.